गार पाण्याखालच्या श्वासाचा हिशेब मांडणारे हॉल्डेन

भंडारा हा तलावांचा जिल्हा. साकोली तालुक्यातील सानगडीपासून पलीकडे नवेगावबांधपर्यंतच्या पट्ट्यात लहानमोठे तलाव विखुरलेले आहेत. डिसेंबर-जानेवारीत पहाटे या तलावांवर धुके उतरते आणि त्याच वेळी शिंगाडे काढण्यासाठी किंवा जाळे ओढण्यासाठी ढिवर बांधवांना कमरेइतक्या, कधी छातीइतक्या पाण्यात उतरावे लागते. गार पाणी छातीला लागताच श्वास अडकतो, मग तो धापेसारखा भराभर होऊ लागतो. थोड्या वेळाने बोटे बधिर होतात आणि जाळ्याची गाठ सुटत नाही. हे त्यांना कोणी पुस्तकातून शिकवलेले नसते. मात्र माणूस याच गार पाण्यात शे-दोनशे फूट खाली गेला, तिथे तोंडात नळी धरून कोंडलेली हवा घेऊ लागला, तर त्याच्या रक्ताचे, मेंदूचे आणि फुप्फुसांचे नेमके काय होते, हे विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत कोणालाच नीट ठाऊक नव्हते. ते शोधण्यासाठी ज्या मोजक्या लोकांनी स्वतःचा देह पणाला लावला, त्यांत जॉन बर्डन सँडरसन हॉल्डेन यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागते.

भारतीय वाचकांना जे. बी. एस. हॉल्डेन ठाऊक असतात ते जनुकशास्त्रज्ञ म्हणून, किंवा इंग्लंड सोडून भारताचे नागरिकत्व घेतलेले आणि कुर्ता घालून वावरणारे धिप्पाड प्राध्यापक म्हणून. नैसर्गिक निवडीच्या सिद्धांताला गणिताची बैठक देणाऱ्या तिघांपैकी ते एक. रोनाल्ड फिशर आणि स्यूअल राइट हे उरलेले दोघे. हॉल्डेन यांच्या आयुष्यातील पाण्याखालचे प्रकरण मात्र अनेक वर्षे झाकलेलेच राहिले. त्याचा बराचसा भाग युद्धकाळातील गुप्त अहवालांत अडकला होता, हे त्याचे एक कारण.

त्यांचा जन्म ५ नोव्हेंबर १८९२ रोजी ऑक्सफर्ड येथे झाला. वडील जॉन स्कॉट हॉल्डेन हे श्वसनक्रियेचे नामांकित अभ्यासक होते. खाणीतील विषारी वायूची सूचना मिळावी म्हणून खाणकामगारांनी कॅनरी पक्षी सोबत न्यावेत, ही सूचना त्यांचीच. घरातच प्रयोगशाळा होती आणि तीत वडील स्वतःवर व मुलावर सर्रास प्रयोग करीत. एकदा त्यांनी लहानग्या जॅकला (घरी त्यांना हेच नाव होते) एका कोळसा खाणीत नेले आणि उभे राहून शेक्सपिअरच्या नाटकातील भाषण म्हणायला सांगितले. छताजवळ मिथेन साचलेला होता. काही ओळी होतात न होतात तोच मुलाला धाप लागली आणि तो खाली कोसळला. जमिनीलगतची हवा चांगली असल्याने लगेच शुद्धीवर आला. मिथेन हवेपेक्षा हलका असतो आणि तो थेट जीव घेत नाही, हा धडा पुन्हा गिरवण्याची गरज उरली नाही. आजच्या पालकांना हे क्रौर्य वाटेल, आणि ते तसे होतेही. पण हॉल्डेन यांच्या घराण्यात ज्ञान मिळवण्याची रीत ही अशी होती.

१९०५ च्या सुमारास ब्रिटिश नौदलापुढे एक प्रश्न उभा होता. खोल पाण्यात काम करून वर येणारे पाणबुडे सांधेदुखीने तळमळत, काहींचे पाय लुळे पडत, काही जण दगावत. दाबाखाली श्वास घेताना हवेतील नायट्रोजन रक्तात आणि चरबीत विरघळतो. माणूस घाईने वर आला की सोड्याच्या बाटलीचे झाकण उघडल्यावर यावेत तसे त्याचे बुडबुडे शरीरात उठतात. नौदलाने हे काम हॉल्डेन यांच्या वडिलांकडे सोपवले. लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटमध्ये एका पोलादी टाकीत बकऱ्यांना दाबाखाली ठेवून त्यांनी मोजमाप केले. सगळे शरीर एकाच गतीने नायट्रोजन सोडत नाही, म्हणून त्यांनी शरीराचे पाच काल्पनिक भाग कल्पिले. कोणता भाग ५ मिनिटांत निम्मा रिकामा होतो, कोणता १० मिनिटांत, कोणता २०, कोणता ४०, तर कोणता ७५. त्यावरून वर येताना कुठे किती थांबायचे याचे कोष्टक तयार झाले आणि ते १९०८ मध्ये प्रसिद्ध झाले. आज तारकर्लीच्या समुद्रात उतरणाऱ्या पर्यटकाच्या मार्गदर्शकाच्या मनगटावर जो छोटा संगणक असतो, त्यातले गणित या पाच भागांच्या कल्पनेचेच वाढवलेले रूप आहे.

हे कोष्टक प्रत्यक्ष समुद्रात तपासण्यासाठी १९०६ च्या ऑगस्टमध्ये नौदलाचे जहाज स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावर गेले. लेफ्टनंट डॅमंट त्या वेळी २१० फुटांपर्यंत उतरले आणि सुखरूप वर आले. सोबत तेरा वर्षांचा जॅकही होता. त्यालाही पाणबुड्याचा पोशाख चढवून खाली सोडण्यात आले. पोशाख मोठ्या माणसाच्या मापाचा होता. मनगटाजवळच्या फटींतून पाणी आत शिरू लागले आणि चढत चढत वरपर्यंत आले. स्कॉटलंडचा समुद्र ऐन उन्हाळ्यातही अंग गोठवतो. मुलाने शिरस्त्राणातील हवा सांभाळत पाणी तोंडाच्या खाली ठेवले आणि ठरलेला वेळ काढला. वर घेतल्यावर त्याला व्हिस्की पाजून अंथरुणात गुंडाळण्यात आले. गार पाण्याशी हॉल्डेन यांची ही पहिली गाठ. ती लक्षात घेतली म्हणजे तेहतीस-चौतीस वर्षांनी ते आपण होऊन बर्फाच्या पाण्यात का बसले, याचा थोडा उलगडा होतो.

मधल्या काळाचा येथे धावता आढावाच घ्यावा लागेल. ईटन, ऑक्सफर्ड, मग पहिले महायुद्ध. १९१५ मध्ये जर्मनांनी क्लोरीन वायूचा मारा केला तेव्हा मुखवटे तपासण्यासाठी वडिलांनी त्यांना आघाडीवरून बोलावून घेतले. त्या चाचण्यांनी फुप्फुसे हैराण झालेली असतानाच ते पुन्हा पलटणीत परतले आणि जखमी झाले. पुढे मेसोपोटेमियात दुसऱ्यांदा जखमी झाल्यावर उपचारासाठी त्यांची रवानगी भारतात झाली. हा देश त्यांना आवडला. परंतु राज्यकर्ता म्हणून येथे राहणे त्यांना रुचले नाही. १९२२ पासून दहा वर्षे ते केंब्रिजमध्ये जीवरसायनशास्त्र शिकवीत होते. याच काळात त्यांनी रक्तातील आम्लता वाढली तर श्वासावर काय परिणाम होतो हे पाहण्यासाठी अमोनियम क्लोराइड पाण्यात विरघळवून पिऊन पाहिले आणि कित्येक दिवस धापा टाकीत काढले. ही माहिती पुढे तान्ह्या मुलांच्या एका प्रकारच्या आकडीवरील उपचारात उपयोगी पडली. १९३३ मध्ये ते लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात जनुकशास्त्राचे प्राध्यापक झाले. स्पेनच्या यादवी युद्धात ते प्रजासत्ताकाच्या बाजूने तिकडे जाऊन आले आणि तेथून परतले ते कम्युनिस्ट विचारांकडे पुरते झुकूनच.

१ जून १९३९ रोजी लिव्हरपूलच्या उपसागरात ‘थेटिस’ ही नवी पाणबुडी चाचणीसाठी पाण्याखाली गेली आणि पुन्हा वर आलीच नाही. टॉर्पेडोच्या एका नळीचे बाहेरचे तोंड उघडे राहिले होते. आत पाणी आहे की नाही हे दाखवणारे बारीक छिद्र रंगाने बुजले होते, त्यामुळे आतले दार उघडताच समुद्र आत घुसला. पाणबुडीवर १०३ माणसे होती. त्यांत खलाशांखेरीज गोदीतील कामगार आणि तंत्रज्ञही होते. दुसऱ्या दिवशी सकाळी पाणबुडीचे शेपूट पाण्याबाहेर दिसत होते, मदतीची जहाजे भोवती होती. तरी चारच जण सुटून आले. ९९ जण आत राहिले. सुटकेसाठी लागणारी प्राणवायूची उपकरणे पाणबुडीत होती. मग माणसे का वाचली नाहीत, हा मृतांच्या कुटुंबीयांचा प्रश्न होता. त्यांच्या कामगार संघटनांनी हॉल्डेन यांच्याकडे धाव घेतली.

हॉल्डेन यांनी कागदावर तर्क लढवला नाही. पाणबुड्यांची साधने बनवणाऱ्या सीबी गॉर्मन कंपनीच्या लंडनमधील कारखान्यात पोलादी दाबकक्ष होते. आडव्या ठेवलेल्या बॉयलरसारखे, आत धड उभेही राहता येऊ नये असे. आधी ते स्वतः एकटे आत बसले. मग स्पेनमध्ये इंटरनॅशनल ब्रिगेडमधून लढून आलेले चार जण त्यांच्यासोबत बसले. घाबरून न जाता अखेरपर्यंत नोंदी देतील असे लोक त्यांना हवे होते, आणि अशी माणसे त्यांना याच मंडळींत दिसली. कक्षातील हवेत कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण थेटिसमध्ये रात्रभरात वाढले असावे तितके वाढवण्यात आले. डोकी ठणकू लागली, श्वास फुलू लागला. त्यानंतर सर्वांनी सुटकेच्या उपकरणातून प्राणवायू घेतला. आता बरे वाटावे, अशी अपेक्षा होती. झाले उलटेच. काहींना जोराची उलटी झाली.

पाण्याखाली तोंडात नळी धरलेल्या माणसाला उलटी झाली तर नळी सुटते आणि तो बुडतो. थेटिसमधील माणसांनी बाहेरून मदत येईल म्हणून तासन्‌तास वाट पाहिली. तेवढ्या वेळात त्यांच्याच उच्छ्वासाने हवा अशी झाली की पुढे उपकरण हातात असूनही ते वापरण्याची ताकद आणि शुद्ध त्यांच्यात उरली नव्हती. हॉल्डेन यांनी हे चौकशी मंडळापुढे मांडले. कुटुंबीयांना कारण कळले. न्याय मात्र मिळाला नाही. नुकसानभरपाईचा दावा वर्षानुवर्षे चालला आणि अखेर १९४६ मध्ये हाऊस ऑफ लॉर्ड्सने कोणालाही जबाबदार धरले नाही.

या चौकशीतून नौदलाला एक गोष्ट उमगली. माणूस दाबाखाली, थंडीत आणि अशुद्ध हवेत एकाच वेळी सापडला तर काय होते, याचे आकडे कोणापाशीच नव्हते. महायुद्ध सुरू झाले होते. शत्रूच्या बंदरात पाण्याखालून शिरणारी माणसे, बटू पाणबुड्या, सुरुंग काढणारे पाणबुडे या सर्वांना हे आकडे हवे होते. नौदलाने हे संशोधन हॉल्डेन यांच्यावर सोपवले. सरकारविरोधी कम्युनिस्ट दैनिक ‘डेली वर्कर’च्या संपादक मंडळाचे अध्यक्षपद सांभाळणारा माणूस त्याच सरकारच्या नौदलासाठी गुप्त संशोधन करीत होता. इंग्रजी सार्वजनिक जीवनातील ही विसंगती मजेशीर खरीच.

त्यांचा गटही असाच चित्रविचित्र होता. जीवरसायनशास्त्रज्ञ मार्टिन केस, तरुण प्राणिशास्त्रज्ञ हेलन स्परवे, जर्मनीतून परागंदा झालेले हान्स काहले, आणि स्पेनचे माजी पंतप्रधान हुआन नेग्रिन. नेग्रिन मुळात शरीरक्रियाशास्त्राचे प्राध्यापक होते. या साऱ्यांना एकेक करून त्या टाकीत कोंडले जाई. हवेचा दाब वाढू लागला की हवा तापते आणि टाकी भट्टीसारखी होते. दाब उतरू लागला की क्षणात गारठा येतो आणि आत धुके दाटते. कान दुखू लागतात. आवाज चिरका होतो. दहा वातावरणांच्या दाबाला, म्हणजे सुमारे तीनशे फूट खोलीला, हवा इतकी दाट होते की हात हलवतानाही तिचा अडसर जाणवतो. आणि माणूस झिंगतो. नायट्रोजनची ही झिंग मोजण्यासाठी त्यांनी साधे उपाय योजले. गुणाकाराची उदाहरणे सोडवायची, चिमट्याने बेअरिंगमधील पोलादी गोळ्या उचलून एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी ठेवायच्या. चांगल्या चांगल्या प्राध्यापकांचे गुणाकार चुकत, आणि आपण चुकतो आहोत याची त्यांना जाणीवही नसे.

मग थंडीचा प्रश्न आला. समुद्रात उतरणारा माणूस कोरड्या टाकीत बसलेला नसतो. पाणी हवेच्या सुमारे पंचवीस पट वेगाने अंगातील ऊब ओढून घेते. शरीर कुडकुडू लागते. कुडकुडणे म्हणजे स्नायूंचे कामच, त्याला प्राणवायू अधिक लागतो आणि कार्बन डायऑक्साइडही अधिक तयार होतो. हातापायांकडचे रक्त आत ओढले जाते, त्यामुळे तिथे विरघळलेला नायट्रोजन लवकर बाहेर पडत नाही. खाली काम करताना अंग गरम आणि वर येताना गार, अशी स्थिती पाणबुड्याला सर्वांत घातक असते, हे आज प्रयोगांनी पक्के ठाऊक झाले आहे. त्या वेळी त्याचा अंदाजही नव्हता. हॉल्डेन वितळत्या बर्फाच्या पाण्यात बसले. साडेसहा टक्के कार्बन डायऑक्साइड मिसळलेली हवा त्यांनी श्वासावाटे घेतली. शेवटी शेवटी वर दहा वातावरणांचा दाबही होता. पस्तीस मिनिटांच्या या प्रयोगाच्या अखेरीस ते बेशुद्ध झाले. तेव्हा त्यांचे वय पन्नाशीच्या जवळ आलेले होते. शरीर अवजड, धूम्रपानाची सवय जबर.

हे सारे जनावरांवर का केले नाही, असे विचारले जाई. त्यांचे उत्तर सरळ होते. बकरीला डोके दुखते की नाही हे सांगता येत नाही, आणि सशाला गुणाकार येत नाही. जे दुसऱ्याला करायला सांगायचे ते आधी स्वतःवर करून पाहावे, ही वडिलांची शिकवण त्यांनी मोडली नाही. मात्र त्यांच्या या बाण्याचे गुणगान करताना एक गोष्ट विसरता कामा नये. टाकीत ते एकटे नव्हते. त्यांच्या सहकाऱ्यांपैकी सहा जण केव्हा ना केव्हा बेशुद्ध पडले, एकाचे फुप्फुस फाटले, हेलन स्परवे यांना प्राणवायूच्या चाचणीत आकडी आली. हे सारे स्वेच्छेने आले होते हे खरे. तरी अशा माणसाच्या सोबतीला उभे राहून नकार देणे किती जणांना जमले असते, हा प्रश्न राहतोच.

प्राणवायूचे प्रकरण सर्वांत महत्त्वाचे ठरले. शत्रूच्या जहाजाखाली जाणाऱ्या माणसाला साधी हवा चालत नाही, कारण उच्छ्वासाचे बुडबुडे पृष्ठभागावर दिसतात. म्हणून शुद्ध प्राणवायू, तोच पुन्हा पुन्हा गाळून वापरायचा. पण हा जीवनदाता वायू दाबाखाली विष बनतो, आणि कोणत्या खोलीला किती मिनिटांत, याचा भरवशाचा हिशेब नव्हता. सात वातावरणांच्या दाबाला शुद्ध प्राणवायू घेतल्यास पाच-सात मिनिटांतच आकडी येऊ शकते, असे हॉल्डेन यांना आढळले. ओठ थरथरतात, मग सारे शरीर ताठते. बिनचवीचा म्हणून ओळखला जाणारा प्राणवायू एवढ्या दाबाखाली आंबटगोड लागतो, हेही त्यांनी नोंदवून ठेवले. अशाच एका आकडीत त्यांच्या पाठीच्या मणक्यांना इजा झाली. ते दुखणे जन्मभर सोबत राहिले आणि कठीण खुर्चीवर बसणे त्यांना कायमचे जड गेले. कानाच्या पडद्याला छिद्र पडले ते वेगळेच. त्याचे त्यांना दुःख नव्हते. थोडे कमी ऐकू येते, पण तंबाखूचा धूर कानातून सोडून मित्रमंडळींची करमणूक करता येते, असे ते गमतीने सांगत.

१९४२ नंतर नौदलाचे डॉक्टर केनेथ डोनल्ड यांनी हे काम प्रत्यक्ष पाण्यात पुढे नेले. कोरड्या टाकीत जो प्राणवायू माणूस सहन करतो तो पाण्यात सहन होत नाही, आणि एकाच माणसाची सहनशक्तीही आज एक तर उद्या दुसरी असते, हे त्यांनी शेकडो चाचण्यांतून सिद्ध केले. आज शुद्ध प्राणवायू सुमारे सहा मीटरच्या खाली घ्यायचा नाही, असा दंडक जगभर पाळला जातो. त्यामागे या साऱ्यांची आखडलेली शरीरे आहेत.

या आकड्यांचा उपयोग कुठे झाला? ऑक्टोबर १९४२ मध्ये ‘टिर्पिट्झ’ या जर्मन युद्धनौकेवर मानवी टॉर्पेडो सोडण्याचा प्रयत्न झाला, तो नॉर्वेच्या वादळी समुद्राने उधळला. सप्टेंबर १९४३ मध्ये बटू पाणबुड्यांनी तिला गाठून निकामी केले. त्याच हिवाळ्यात, १९४३ च्या शेवटच्या रात्री, दोन ब्रिटिश सैनिक नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर गार पाण्यातून पोहत गेले आणि वाळूचे नमुने घेऊन परतले. जानेवारी १९४४ मध्ये एका बटू पाणबुडीने समुद्रतळाशी दडून त्याच किनाऱ्याची पाहणी केली. जूनमधील महाआक्रमणाचे रणगाडे वाळूत रुततील की नाही, हे अशा पाहण्यांवरून ठरले. मोजक्या हवेच्या त्या कुपीत माणसे किती काळ तग धरतील याचे गणित लंडनच्या टाकीतून आले होते. रेचल लान्स या अमेरिकी संशोधिकेचे या गटावरील पुस्तक २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले, तेव्हा कुठे या संबंधाची सविस्तर कहाणी सर्वसामान्य वाचकांपुढे आली.

योगायोग असा, की जानेवारी १९४३ मध्येच फ्रान्समध्ये जाक कूस्तो मार्न नदीच्या गोठवणाऱ्या पाण्यात एक नवे उपकरण घेऊन उतरले होते. पाठीवर हवेची टाकी, तोंडात आपोआप हवा सोडणारी तोटी. ‘स्कूबा’ म्हणून आज ओळखली जाणारी मोकळी जलसफर या उपकरणातून घडली. गार पाण्यात याच तोटीची कसोटी लागते. टाकीतील हवा एकदम पसरताना आणखी गार होते, तोटीत बर्फ धरतो आणि ती अडकून हवा सुटतच राहते. म्हणून चार-पाच अंशांच्या पाण्यात उतरणाऱ्यांना खास तोटी, कोरडा राहणारा पोशाख आणि दुहेरी सोय लागते. उपकरण फ्रान्समधून आले. ते वापरताना शरीरात काय घडते ते हॉल्डेन पितापुत्रांनी, एकाने बकऱ्यांवर आणि दुसऱ्याने स्वतःवर, आधीच पाहून ठेवले होते.

युद्धानंतरचा काळ हॉल्डेन यांना सोपा गेला नाही. १९४२ मध्ये ते कम्युनिस्ट पक्षाचे रीतसर सभासद झाले होते. रशियात लायसेन्को याने जनुकशास्त्राचा गळा घोटला; हॉल्डेन यांना ठाऊक असलेले थोर वनस्पतिशास्त्रज्ञ वाविलोव्ह १९४३ मध्ये तुरुंगात मरण पावले. तरी १९४८ पर्यंत हॉल्डेन लायसेन्कोविषयी जाहीरपणे सावरून घेणारी भाषा बोलत राहिले. दाबकक्षातील प्रत्येक आकडा स्वतःच्या रक्तावर पारखून घेणाऱ्या माणसाने पक्षाचा शब्द इतकी वर्षे न पारखता मानावा, हा त्यांच्या चरित्रातील सर्वांत मोठा डाग आहे. १९५० च्या सुमारास ते पक्षापासून दूर झाले, तेही फारसा गाजावाजा न करता.

१९४५ मध्ये त्यांनी हेलन स्परवे यांच्याशी विवाह केला होता. ब्रिटनने सुएझवर केलेल्या हल्ल्याचा निषेध करीत १९५७ मध्ये दोघे भारतात आले. प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्या कोलकात्यातील इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटमध्ये त्यांनी काम सुरू केले. शाकाहार पत्करला, कुर्ता अंगावर चढवला आणि १९६१ मध्ये भारताचे नागरिकत्व घेतले. महागडी यंत्रे नाहीत म्हणून रडत बसू नका, डोळे, वही आणि घड्याळ एवढ्यावर पुष्कळ विज्ञान होते, असे ते येथील तरुणांना बजावीत. त्यांचे सहकारी सुरेश जयकर यांनी हेलन यांच्यासोबत पिवळ्या गाठीच्या टिटवीच्या घरट्याचा अभ्यास केला. तो मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात १९६५ मध्ये छापून आला. महालनोबिस यांच्याशी मात्र त्यांचे पटले नाही. संस्था सोडून १९६२ मध्ये त्यांनी ओडिशा सरकारच्या पाठबळावर भुवनेश्वरला नवी प्रयोगशाळा थाटली.

श्वासाचा विषय येथेही सुटला नाही. इंग्लंडमध्ये असताना पती-पत्नींनी पाण्यातील न्यूट हा सरडासदृश प्राणी श्वासासाठी किती वेळाने वर येतो हे मोजले होते. भारतात त्यांना अनाबास मासा भेटला. बंगालीत त्याला कोई म्हणतात. आपल्याकडच्या मरळ-मागुराप्रमाणे हाही वर येऊन हवा घेणारा मासा. कल्ले असूनही त्याला पृष्ठभागावर यावेच लागते. जाळ्याने वाट अडवली तर पाण्यातला हा जीव पाण्यातच गुदमरतो. काचेच्या टाकीपुढे बसून, तो केव्हा वर येतो आणि पाण्यातील वायूंचे प्रमाण बदलले की त्याच्या फेऱ्या कशा बदलतात, याच्या नोंदी त्यांनी घेतल्या. वडिलांच्या जन्मशताब्दीनिमित्त ऑक्सफर्डला भरलेल्या परिसंवादाच्या ग्रंथात हा अभ्यास १९६३ मध्ये समाविष्ट झाला. यासाठी पोलादी कक्ष लागला नाही की नौदलाचा पैसा.

त्याच सुमारास रक्तस्राव होऊ लागला. लंडनला तपासणीत मलाशयाचा कर्करोग निघाला आणि १९६४ च्या प्रारंभी शस्त्रक्रिया झाली. रुग्णालयात पडल्या पडल्या त्यांनी आपल्या रोगावरच एक विनोदी कविता लिहिली. लोकांनी लाज न बाळगता वेळेवर डॉक्टर गाठावा, हा तिचा हेतू होता. ती छापून आल्यावर काहींना आवडली, काहींना किळसवाणी वाटली. भुवनेश्वरला परतल्यावर काही महिने ते पुन्हा कामाला लागले, पण रोग उलटला. १ डिसेंबर १९६४ रोजी त्यांचे तेथेच निधन झाले. हेलन पुढेही भारतातच राहिल्या.

मृत्यूनंतर आपला देह कोणत्याही धार्मिक संस्काराविना वैद्यकीय शिक्षणासाठी द्यावा, असे त्यांनी लिहून ठेवले होते. त्यानुसार तो आंध्र प्रदेशातील काकीनाडा येथील रंगराय वैद्यकीय महाविद्यालयाच्या स्वाधीन करण्यात आला.